खड्ड्याचाही पंचनामा हवा

पावसात दुचाकी घसरते आणि चालक मागून येणाऱ्या ट्रकखाली सापडतो. पोलीस पंचनामा करतात, ट्रकचालकावर गुन्हा नोंदवतात. कधी तर मेलेल्या दुचाकीस्वारावरच हयगयीचा ठपका बसतो. ज्या खड्ड्यामुळे तो पडला, त्याचा मात्र कागदावर उल्लेख नसतो. दोन दिवसांत तो खडी-डांबराने बुजवला जातो आणि पुरावाही त्याखाली गाडला जातो.

रस्ता नीट ठेवणं ही पालिकेची मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेलं बंधनकारक कर्तव्य आहे. तरी ते मोडल्याबद्दल भरपाई मिळवणं आजवर जिकिरीचं होतं. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक जण गेला, त्या खटल्यात १९९७ मध्ये पालिका सुटली. शिवाय दिवाणी दाव्याआधी महिनाभराची नोटीस द्यायची आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. घरातला कर्ता गेलेल्या कुटुंबाला हे कसं झेपावं?

मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ही वाट बरीच सोपी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या २०१३ मधील पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेतला हा आदेश. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवेल. अर्जाचीच वाट पाहायला नको, वर्तमानपत्रातल्या बातमीवरूनही समिती दखल घेऊ शकते. पोलिसांनी अपघाताबद्दल ४८ तासांत समितीला कळवायचं. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे मिळाले नाहीत, तर आयुक्त व्यक्तिशः जबाबदार आणि वर नऊ टक्के व्याज.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं कलम. भरपाई आधी पालिकेने द्यायची आणि मग दोषी अधिकारी व कंत्राटदाराकडून वसूल करायची. ही वसुली झाली नाही, तर कंत्राटदाराच्या निकृष्ट कामाचा दंड आपणच करातून भरत राहू. ती व्हायला मात्र त्या जागी, त्या दिवशी खड्डा होता हे सिद्ध व्हायला हवं.

म्हणून जखमीला दवाखान्यात पोहोचवल्यावर कुणीतरी जागेवर परतावं. खड्ड्याशेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून फोटो काढावेत. दुकानाची पाटी वा खांबाचा क्रमांक त्यात दिसू द्यावा. दिवे बंद होते का, बॅरिकेड होतं का, हे टिपून ठेवावं. आणि पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहिल्याशिवाय पंच म्हणून सही करू नये. न्यायालयाने हक्क दिला आहे, तो वापरण्याची सुरुवात त्या सहीपासून होते.