ताप उतरला, पण साखर तपासली का?

आपल्या नाकातोंडात बुरशी असते, असे सांगितले तर अनेकांना किळस वाटेल. पण ते खरे आहे. शिळ्या भाकरीवर उगवणाऱ्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात व श्वासाबरोबर आत जातात. कॅन्डिडासारखी बुरशी तर अनेक निरोगी माणसांच्या तोंडात मुक्कामालाच असते. तरीही आपण आजारी का पडत नाही?

नाकाच्या ओलसर अस्तरावरील शेंबडात हे बीजाणू अडकतात. अस्तरावरची सूक्ष्म लव तो शेंबूड घशाकडे ढकलते व आपण तो नकळत गिळतो. उरलेल्यांचा समाचार पांढऱ्या पेशी घेतात. तेथे राहणारे निरुपद्रवी जिवाणूही बुरशीला वाढू देत नाहीत.

फ्लू किंवा कोरोनाचा विषाणू या अस्तरावरच घाव घालतो. पेशी मरतात, लव झडते. निरोगी माणसात ही जखम लवकर भरून येते. पण मधुमेह आटोक्यात नसेल, तर पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि बुरशीचे फावते.

2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आढळले. काहींचा डोळा, काहींचा वरचा जबडा काढावा लागला. त्यांपैकी बहुतेकांना मधुमेह होता व अनेकांना स्टेरॉइड दिलेले होते. ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णाचा जीव स्टेरॉइडने वाचतो. पण त्याने साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. ही बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते, म्हणून तेथील मांस काळे पडते. हा रोग एका रुग्णापासून दुसऱ्याला होत नाही.

विषाणूच्या आजारानंतर एका बाजूचे नाक चोंदणे, काळपट किंवा रक्ताळ स्राव, गाल दुखणे वा बधिर होणे, दात हलणे, डोळा सुजणे, एकाचे दोन दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. लवकर शस्त्रक्रिया व अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध मिळाल्यास जीव वाचू शकतो.

मधुमेहींनी तापात व नंतरही साखर तपासावी. कुजका कडबा, शेणखत हाताळताना नाकतोंड झाकावे. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक आणून घेऊ नये. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. बुरशीला रोखणारे जिवाणू मात्र मरतात.