टाच की पंजा?

एकदा स्प्लेंडर हातात बसली की कुठलीही बाइक चालवता येते, असं अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगेल. गिअरच्या बाबतीत हे साफ चूक आहे. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचे चारही गिअर एकाच दिशेने पडतात. पंजाने लिव्हर पुढे दाबत गेलं की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. टाचेने मागे दाबलं की एकेक उतरत शेवटी न्यूट्रल. २००१ सालच्या पल्सरचा पहिला गिअर तेवढा खाली, बाकीचे वर, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. होंडा शाइन १२५ सुद्धा त्याच पद्धतीची.

आता स्प्लेंडरवाला मित्राची पल्सर घेऊन जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर निघाला. तिसऱ्यात पन्नासच्या वेगाने जाताना चौथा टाकायचा म्हणून सवयीने पंजा दाबतो. पडतो दुसरा. क्लच सोडताच इंजिन किंचाळतं आणि मागचं चाक घासत जातं. पावसात, मागे डंपर असताना काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून दुसऱ्याची गाडी घेताना पेट्रोल किती आहे हे विचारण्याआधी गिअर कसे पडतात ते विचारा. इंजिन बंद ठेवून, डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर एकदा टाकून पाहा.

दुसरा गैरसमज साकीनाक्याच्या सिग्नलला रोज दिसतो. चौथ्यातच ब्रेक मारून गाडी उभी करायची आणि मग लिव्हरला लाथा घालायच्या. ‘गिअरबॉक्स गेला वाटतं!’ गेलेला नसतो. या गाड्यांत गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. लिव्हर हलवली की त्यांच्या बाजूचे दाते समोरच्या खाचेत शिरतात. गाडी थांबली की कधी दात्यासमोर दाताच येतो आणि वाट अडते. क्लच जरासा सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी वीतभर पुढे-मागे ढकला, गिअर पडतो. त्यापेक्षा वेग कमी होत असतानाच एकेक गिअर उतरवत थांबावं. चौथ्यातून थेट पहिल्यात उडी मारायची सोय या यंत्रात नाही. पहिला टाकताना येणारा हलका ‘खट्’ आवाजही या दात्यांचाच. त्यापायी गॅरेज गाठायची गरज नाही.

‘वरच्या गिअरमध्ये ॲव्हरेज मिळतं’ हे मोकळ्या रस्त्यावर खरं. असल्फाच्या चढावर, मागे माणूस बसवून चौथ्यात गाडी ओढली तर ती धक्के मारते, रेस जास्त पिळावी लागते आणि पेट्रोल वाचत नाही ते नाहीच. इंजिन घरघरलं की गिअर उतरवा. चढावर हाफ क्लचवर गाडी लटकवून ठेवणं तर त्याहून वाईट. रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही, असं व्हायला लागलं की क्लच प्लेट घसरते आहे असं समजा. आधी केबलचा ढिलेपणा तपासा. क्लचच्या दांड्याला टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर रिकामा खेळ हवाच.

उड्डाणपुलाच्या उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे बहाद्दर पुष्कळ आहेत. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि छोट्या बाइकमध्येही इंजेक्शन सर्रास झालं. अशा बहुतेक गाड्या गिअरमध्ये ठेवून रेस सोडली की इंधन जवळजवळ तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिनचा ब्रेक हातचा जातो तो वेगळाच.

ऑइलचंही तसंच. स्कूटरला गिअरचं ऑइल वेगळं असतं, म्हणून बाइकलाही असेल असं अनेकांना वाटतं. छोट्या बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच, लिटरभर ऑइलमध्ये चालतात. त्यात उरलेलं कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं पाहूनच घ्या.

आणि स्कूटरवर वाढलेल्यांसाठी एक गोष्ट: विनागिअरच्या दुचाकीचं लायसन्स गिअरच्या बाइकला चालत नाही. अंधेरी असो, बोरिवली असो की वडाळा, आरटीओत तो वर्ग वेगळा घ्यावा लागतो.