ठेका जुळला पाहिजे

चोर्ला घाट उतरून चवथीला डिचोलीत मावशीकडे जायचा आमचा जुना नेम. तिथे घुमट, शामेळ आणि कासाळ्यांच्या साथीने आरत्या रंगतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. मावशीच्या यजमानांनी, तात्यांनी, तो जन्मभर दिला होता.

तात्या गेले. त्यांची शेवटची आरती मोबाईलवर होती. पण तिसऱ्या कडव्याच्या ध्रुवपदावर नेमका मोटारसायकलचा हॉर्न! मावसभावाच्या मुलाने ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडले. पहिल्या कडव्यानंतरचे ध्रुवपद कॉपी केले, हॉर्नची जागा निवडून पेस्ट केले. आरती अडखळली! घुमटाची लय कडव्यागणिक चढते; पहिला तुकडा संथ आणि लांब निघाला. मग दुसऱ्या कडव्यानंतरचा, लयीला जवळचा तुकडा घेतला. तो थापेवर कापला आणि ‘झेड’ दाबून टोके शून्यरेषेवर आणली. सांध्यावरचा ‘टक्’ आवाजही गेला.

पुढे तात्यांचा खोकला आला. “काका, हाही काढू?” मुलाने विचारले. माझी पत्नी धारवाडची. ती चटकन म्हणाली, “बेड, हागे इरली!” नको, राहू दे तसाच. मावशीला कन्नड येत नाही, तरी तिने डोळे पुसत मान हलवली.

वाचकहो, घरचे जुने आवाज जरूर दुरुस्त करा. पण आधी मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवा. हॉर्न कोणता आणि खोकला कोणता, हे संगणकाला कळत नाही.