चिमणीसाठी दोन फळ्या



ट्रकमधून टाइल्सची खोकी किंवा मोठं यंत्र उतरवताना तुम्ही कधी पाहिलंय? नुसतं खोक्याकडे बघू नका, खोक्याच्या खाली बघा. तिथे फळ्यांची एक बुटकी बाज असते. वर पट्ट्या, खाली पट्ट्या आणि मध्ये ठोकळे. तिला म्हणतात पॅलेट. ठोकळ्यांमधल्या पोकळीत उचलणाऱ्या गाडीचे दोन लोखंडी दात शिरतात आणि सगळा माल एका दमात वर! युरोपात 1961 पासून रेल्वे कंपन्यांनी एकाच मापाचं पॅलेट ठरवून घेतलं, 120 सेंटीमीटर लांब आणि 80 रुंद. त्यात 11 फळ्या, 9 ठोकळे आणि 78 खिळे असतात. हा 78 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे घाम काढणार आहे.

आमच्या धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना भेटतात. त्यामुळे ट्रक, गोदामं आणि वखारी यांना तोटा नाही. माल उतरला की तुटकी पॅलेटं भंगारात जातात, तिथून बरीचशी चुलीत. मी राहते देवपुरात, पांझरेच्या अलीकडे. पाच-सहा वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडे पॅलेटांचा ढीग पाहिला आणि वाटलं, चौथीच्या मुलांना कार्यानुभवासाठी एवढं लाकूड विकत कुठून मिळणार? दोन पॅलेटं घेतली आणि हातगाडीवर घालून घरी आणली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “बाई, पाणी तापवायला का?”

पाणी तापवायला नव्हे, चिमणीच्या घराला!

खानदेशातली जुनी धाब्याची घरं तुम्ही पाहिली असतील, निदान आजोळी तरी. तुळयांच्या टोकाला, भिंतीच्या खणांत, कौलांखाली चिमणीला बोट बोट जागा मिळायची. आता घरांवर गुळगुळीत स्लॅब आले. चिमणी झाडावर सहसा घरटं करत नाही. तिला भोक लागतं, कपार लागते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी हेच ओळखलं आणि लाकडी घरटी लोकांपर्यंत पोचवायला सुरुवात केली. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 20 मार्च 2010 रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला.

आता करवत धरण्याआधी फळी वाचायला शिका. हो, वाचायलाच! परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटच्या ठोकळ्यावर भाजून किंवा शाईने उठवलेला एक शिक्का असतो. डावीकडे गव्हाच्या ओंबीसारखं चित्र, मग देशाची दोन इंग्रजी अक्षरं (भारताची ‘आय’ आणि ‘एन’), कारखान्याचा नंबर आणि शेवटी आणखी दोन अक्षरं. या शेवटच्या अक्षरांत सगळं आहे.

त्यामागे एका किड्याची गोष्ट आहे. काळा कुळकुळीत, अंगावर पांढरे ठिपके आणि अंगापेक्षा लांब मिशा असलेला एक भुंगेरा चीनमधून मालाच्या लाकडात लपून अमेरिकेत गेला. 1996 साली तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सापडला. त्याच्या अळ्या जिवंत झाडांचं खोड पोखरतात. त्या पसरू नयेत म्हणून हजारो झाडं तोडावी लागली. मग 2002 मध्ये सगळ्या देशांसाठी नियम ठरला, की मालासोबत जाणारं कच्चं लाकूड आधी कीडमुक्त करायचं आणि तसा शिक्का मारायचा. ‘एच’ आणि ‘टी’ ही अक्षरं असली तर लाकूड तापवलेलं आहे, अगदी गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस आणि तेही सलग 30 मिनिटं. ‘एम’ आणि ‘बी’ असली तर लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. हा वायू ओझोनच्या थरालाही इजा करतो. अशी फळी घ्यायची नाही आणि जाळायचीही नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ पॅलेटांवर शिक्काच नसतो, कारण ती देशाबाहेर जातच नाहीत. तेवढ्यावरून ती वाईट ठरत नाहीत. पण मग नाक आणि डोळे वापरा. तेलाचे डाग, पांढरी भुकटी, औषधाचा उग्र वास आला की ती फळी बाजूला. आपला मुलूख कापसाचा. फवारणीची औषधं ठेवणाऱ्या गोदामातली फळी कितीही सरळसोट असली तरी तिला हात लावू नका. त्या फळीच्या आत उद्या नागडी पिल्लं बसणार आहेत.

पॅलेट सोडवणं हेच खरं काम आहे. बाकीचं त्याच्यापुढे काहीच नाही! मी पहिल्या दिवशी कटावणी घालून जोर लावला आणि पाचांपैकी तीन फळ्या टराटर फाटल्या. हे खिळे साधे नसतात. पिळाचे असतात, म्हणून लाकूड सोडत नाहीत. शेवटी गल्लीतल्या सुतारभाऊंनी कीव येऊन उपाय सांगितला. फळी आणि ठोकळा यांच्यामध्ये जरा फट करायची, तिच्यात लोखंड कापायचं पातं (कारागीर त्याला एक्सा ब्लेड म्हणतात) घालून खिळाच कापायचा. फळी शाबूत सुटते. मग फळीत अडकलेलं खिळ्याचं डोकं मागून ठोकून बाहेर काढायचं आणि जंबुऱ्याने ओढायचं. मी घाईने करवत उचलली तशी भाऊ म्हणाले, “बाई, पहिले बठ्ठा खिया काढा, मंग करवत धरा.” बठ्ठा म्हणजे सगळे. एक खिळा राहिला तरी करवतीचे दात जातात. फळीवर तळहात कधी फिरवू नका, लोहचुंबक फिरवा. तो बरोबर सांगतो.

हे काम मोठ्यांचं आहे. आईबाबा, इथे तुम्ही हवेच. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा आणि मुलांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आधी बघून घ्या.

आता घर. साधारण 15 सेंटीमीटर रुंद आणि 2 सेंटीमीटर जाड अशा दोन फळ्या निवडा. त्यातून 45 सेंटीमीटरचा एक तुकडा कापा. याच्यातून दोन्ही बाजू एकाच कापात निघतात. कशा, ते ऐका. तुकड्याच्या वरच्या कडेवर डावीकडून 20 सेंटीमीटरवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडूनच 25 वर. दोन खुणा तिरक्या रेषेने जोडा आणि रेषेवर कापा. दोन्ही तुकडे सारखेच आले की नाही? एक कड 25 ची, एक 20 ची. छपराचा उतार तयार! माझ्या वर्गातल्या एका मुलाला हे कागदावर पटेना. त्याने वहीचं पान कापून पाहिलं, तेव्हा विश्वास बसला. तुम्हीही आधी कागदच कापा.

पुढची फळी 20 सेंटीमीटर, मागची 32, छप्पर 21. बाजूंच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या करून पुढची आणि मागची फळी त्यांच्या कडांवर ठोका. उंच कड मागे, बुटकी पुढे. आता आत जी जागा उरली ती मोजा आणि मगच तळ कापा. साधारण 11 बाय 15 येईल, पण जुन्या फळ्या एकसारख्या जाड नसतात, म्हणून तळ नेहमी शेवटी. तळाला चार बारीक भोकं पाडा, पावसाचं पाणी निघून जाईल.

फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकताना फळी चिरते ना? खिळ्याच्या अणीवर हातोडीचा एक हलका टोला देऊन ती बोथट करा. अणकुचीदार खिळा पाचरीसारखा लाकूड फाकवतो, बोथट खिळा समोरचे तंतू चुरडत जातो.

पुढच्या फळीला भोक सव्वा इंचाचं, तळापासून साधारण 14 सेंटीमीटर वर. ते सुताराकडून गिरमिटाने पाडून घ्या. भोक मोठं केलंत तर दांडगे पक्षी शिरतील. भोकाखाली दांडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, शत्रूला मात्र पाय टेकायला जागा मिळते. फळीची आतली बाजू खरखरीतच ठेवा, रंधा मारू नका, पिल्लं तिलाच नखं रोवून वर चढतात. छप्पर मागच्या फळीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने जोडा, म्हणजे उघडता येईल. पुढे एक छोटी कडी लावा.

आणि रंग? इथे माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही चार घरं केली. मुलांनी ती आतून-बाहेरून निळ्या तैलरंगाने रंगवली. तीन घरांकडे एकही चिमणी फिरकली नाही. चौथं मी माझ्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला टांगलं होतं आणि पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा ठोकला होता. त्यात जोडी आली, अंडी झाली, चिवचिवाट सुरू झाला. मे महिना होता. धुळ्याचा मे म्हणजे पारा 42-43! एके दिवशी संध्याकाळी आवाज बंद. छप्पर उघडलं तर दोन पिल्लं मेलेली होती आणि पत्रा अजून चटका देत होता. सुट्टी संपल्यावर मुलांनी विचारलं, “बाई, पिल्लं उडाली का?” मी खरं ते सांगितलं. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एका मुलीने विचारलं, “पत्रा काढायचा का?”

पत्रा काढला. तेव्हापासून घर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, सज्जाच्या सावलीत, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर. रंग आतून अजिबात नाही. टांगायचं जानेवारीच्या आत, आणि एकदा टांगलं की सारखं उघडून बघायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, अंडी-पिल्लं नाहीत याची खात्री करून, नाकाला रुमाल बांधा आणि जुनं घरटं बाहेर काढा. मागच्या वर्षी आम्ही ते वर्तमानपत्रावर पसरलं आणि मुलांनी एकेक वस्तू मोजली. केरसुणीच्या काड्या, पतंगाचा मांजा (तो लगेच काढून टाकला), कोंबडीचं पीस, गोळीचा चंदेरी कागद, आणि सगळ्यात खाली, गादीसारखा दाबलेला, सरकीसकट कापूस.