भाडेकरू गेला, पाटी राहिली

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक संगणक आहे. लंबकाची आंदोलने मोजणारे उपकरण त्याला जोडलेले असते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मोठ्या हौसेने त्यात एक ‘सफाई’ करणारे सॉफ्टवेअर चालविले. पडद्यावर आले, ‘शेकडो चुका सापडल्या!’ त्याने बटण दाबले आणि चुका नाहीशा झाल्या. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. पाहतो तो संगणकाला उपकरणाची ओळखच पटेना! पहिल्या तुकडीने हाती स्टॉपवॉच घेऊन लंबक मोजले.

मग त्या ‘चुका’ खरोखर चुका होत्या का?

विद्यार्थिमित्रांनो, घरात भाडेकरू येतो तेव्हा तो नुसते सामान आणत नाही. दारावर पाटी लागते, दूधवाल्याला सांगितले जाते, वर्तमानपत्र सुरू होते. संगणकात सॉफ्टवेअर बसवितानाही असेच घडते. त्याच्या फायली येतात, शिवाय ‘मी अमुक ठिकाणी आहे’, ‘अशा प्रकारची फाईल मीच उघडीन’, ‘संगणक सुरू होताच मला हाक मारा’ अशा नोंदीही होतात.

विंडोज प्रणालीत या नोंदींसाठी एक सामाईक वही असते. तिला रजिस्ट्री म्हणतात. पूर्वी बहुतेक सॉफ्टवेअर आपापल्या नोंदी सुट्या फायलींत ठेवीत. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीची लहानशी सुरुवात झाली आणि १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून ती घरोघरच्या संगणकांची मुख्य वही बनली.

सॉफ्टवेअर बसविताना काय काय कोठे ठेवले, याची एक यादी केली जाते. काढताना ती यादी वाचून एकेक वस्तू उचलली जाते. असे असूनही काही नोंदी मागे उरतात. याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण असे की ही यादी बसवितानाची असते. पुढे वापरताना तुम्ही अक्षरांचा आकार बदलता, नव्या फायली उघडता. त्याच्या नोंदी यादीत नसतात. कित्येकदा त्या मुद्दामच ठेवल्या जातात. सॉफ्टवेअर पुन्हा बसविले तर तुमच्या आवडीनिवडी जागच्या जागी मिळाव्यात, हा हेतू.

दुसरे कारण, एकाच संगणकावर आईचे आणि ताईचे अशी वेगवेगळी खाती असतील तर प्रत्येकीची नोंदवही वेगळी असते, आणि साधारणपणे ती ती व्यक्ती आत आल्यावरच उघडते. आईच्या खात्यातून सॉफ्टवेअर काढले तरी ताईच्या वहीतील नोंदी तशाच राहतात.

तिसरे कारण सामाईक वस्तूंचे. चाळीतला पाण्याचा पंप साऱ्या बिऱ्हाडांचा असतो. घर सोडणाऱ्याने तो काढून नेला तर शेजाऱ्यांचे पाणी बंद! काही फायलीही अशाच अनेक सॉफ्टवेअरना मिळून लागतात. म्हणून त्या किती जण वापरतात याची गणती ठेवली जाते. एक सॉफ्टवेअर गेले की गणती एकाने कमी होते. ती शून्यावर येईपर्यंत फाईल काढायची नसते.

‘पण या उरलेल्या नोंदींमुळे संगणक मंद होतो ना?’ असे तुम्ही विचाराल. थोडे गणित करू. १० लाख शब्दांचा एक शब्दकोश आहे, असे समजा. तो मधोमध उघडा. हवा असलेला शब्द डावीकडे असेल तर उजवी बाजू सोडून द्या. उरलेला भाग पुन्हा मधोमध उघडा. दर वेळी निम्मे शब्द बाद होतात. २ चा २० वा घात १०,४८,५७६ आहे. म्हणजे २० पावलांत कोणताही शब्द सापडतो. आता कोशात १,००० निरुपयोगी शब्द घाला. एकूण शब्द १०,०१,००० झाले, पण पावले २० च! रजिस्ट्रीतील नोंदीही शाखा-उपशाखांत नावाच्या क्रमाने लावलेल्या असतात. हवी ती नोंद शोधताना सारी वही वाचावी लागत नाही. तेव्हा दारावर राहिलेली जुनी पाटी कोणाच्या वाटेत येत नाही.

मात्र भाडेकरू गेल्यावरही दूधवाला रोज पहाटे दार ठोठावत असेल, तर त्याला सांगायलाच हवे. ‘सुरू होताच हाक मारा’ ही नोंद मागे राहिली तर संगणक दर वेळी नसलेल्या फाईलला हाक मारतो आणि ‘फाईल सापडत नाही’ अशी तक्रार पडद्यावर येऊ शकते. किंवा सॉफ्टवेअरचा एखादा मदतनीस मागे राहून विनाकारण चालत राहतो. अशा काम करणाऱ्या नोंदी तेवढ्या शोधाव्यात.

त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील ‘स्टार्टअप’ यादीत काढलेल्या सॉफ्टवेअरचे नाव दिसले तर ते ‘डिसेबल’ करा. नोंद पुसली जात नाही, फक्त हाक थांबते. चूक झाली तर पुन्हा चालू करता येते. रजिस्ट्री उघडणाऱ्या ‘रेजएडिट’मध्ये ही सोय नाही. तेथे खोडलेले परत आणणारे ‘अनडू’ नसते. म्हणून जाणत्या माणसाशिवाय तेथे हात घालू नये, आणि घालण्यापूर्वी त्या शाखेची प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावी. सरसकट सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापराला खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनीचाही पाठिंबा नाही. कोणती पाटी जुनी आणि कोणती शेजाऱ्याची, हे बाहेरच्या माणसाला कसे कळावे?

करून पाहा: संगणक ‘रीस्टार्ट’ करा आणि तो वापरण्याजोगा होईपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजा. असे पाच वेळा करा. मग स्टार्टअप यादीतील एक अनावश्यक नाव बंद करून पुन्हा पाच वेळा मोजा. दोन्ही सरासऱ्यांतील फरक पाहा. तो फरक पाच वाचनांच्या आपापसांतील फरकापेक्षा लहान असेल, तर ‘संगणक वेगवान झाला’ असे म्हणता येणार नाही, मग पडद्यावर काहीही लिहून येवो!