टेकडीआडची गावे

रवांडाला ‘हजार टेकड्यांचा देश’ म्हणतात. १९९४ च्या एप्रिलपासून जेमतेम शंभर दिवसांत तिथे सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. मेलेल्यांत बहुतांश तुत्सी जमातीचे होते आणि कित्येकांवर कोयता चालवणारा हात हुतू शेजाऱ्याचाच होता.

‘पिढीजात वैर’ हे असे का घडले याचे सोपे उत्तर, पण ते टिकत नाही. हुतू आणि तुत्सी भाषा एकच बोलत, एकाच चर्चमध्ये जात, एकमेकांत सोयरीकही करत. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर जमात छापली. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र मागून माणसाचे मरण ठरवले जाई.

राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी १९४५ ते १९९९ मधली जगभरातली १२७ यादवी युद्धे तपासली. निव्वळ वांशिक वा धार्मिक विविधतेमुळे यादवीचा धोका वाढतो, असे त्यांना आढळले नाही. दारिद्र्य, दुबळे शासन आणि डोंगराळ मुलूख यांचा संबंध मात्र स्पष्ट दिसला.

रवांडात शेतीचे तुकडे पिढीगणिक लहान होत होते. १९८९ मध्ये कॉफीचे भाव कोसळले, १९९० मध्ये बंडखोरांशी युद्ध पेटले. या सुकलेल्या गवतावर काडी टाकली ती सत्ता हातची जाईल म्हणून धास्तावलेल्या कट्टर हुतू नेत्यांनी. त्यांच्या ‘आरटीएलएम’ रेडिओवर तुत्सींना ‘झुरळे’ म्हटले जाई.

या रेडिओचा परिणाम मोजला डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने. एफएमच्या लहरी टेकडीला अडतात. त्यामुळे एका गावात प्रसारण खणखणीत ऐकू येई, तर जवळच्याच टेकडीआडच्या गावात नुसती खरखर. नंतरच्या खटल्यांच्या नोंदी त्यांनी प्रसारण कुठे पोचले याच्या नकाशाशी ताडून पाहिल्या. प्रसारण पोचलेल्या गावांत हिंसेत उतरलेले लोक जास्त निघाले. देशभरातल्या एकूण सहभागापैकी सुमारे १० टक्के वाटा या प्रसारणाचा, असा त्यांचा अंदाज आहे.

हा दहावा हिस्सा मला फार मोलाचा वाटतो. द्वेष रक्तातून आला असता, तर मधल्या टेकडीने काय फरक पडला असता? तो पेरला गेला, म्हणूनच तो अडवताही आला असता. ते केंद्र जुलै १९९३ पासून उघडपणे बोलत होते. पहिल्या कोयत्याआधी तब्बल नऊ महिने हाताशी होते.