इम्प्लांटची पकड मोजताना

जबड्याच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं इम्प्लांट पहिल्या दिवशी जितकं घट्ट असतं, तितकं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुधा राहत नाही. सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि ‘आता कॅप बसवून टाका’ असं पेशंटला वाटतं, ते नेमकं याच काळात.

पहिल्या दिवसाची पकड निव्वळ यांत्रिक असते. हाडातलं भोक स्क्रूपेक्षा किंचित अरुंद ठेवतात, त्यामुळे आटे हाडात रुततात. पण ड्रिलिंगमध्ये दुखावलेलं हाड शरीर आधी काढून टाकतं, मग नवं भरतं. जुनी पकड सैलावतेय आणि नवी अजून आलेली नाही, असे हे आठवडे. हाड टायटॅनियमशी थेट जुळतं, हे ओळखून स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवली. तेव्हा काही महिने वाट पाहणं एवढाच खात्रीचा मार्ग होता.

एक्स-रेमध्ये हा बदल दिसत नाही. बसवतानाचा टॉर्क मोजता येतो, पण एकदाच. पुन्हा पिळून पाहावं तर जुळत आलेलं हाडच सुटायचं. वाट सापडली ती कंपनांत. टेबलाच्या कडेला दाबून धरलेली स्टीलची पट्टी छेडली, तर पकड जितकी घट्ट तितका तिचा सूर चढा. याच तत्त्वावर नील मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात इम्प्लांट मोजण्याची पद्धत मांडली. आज इम्प्लांटवर चुंबक असलेली बारीकशी खुंटी हातानेच फिरवून लावतात. यंत्राचं टोक तिच्याजवळ, पण न टेकवता धरतात. चुंबकीय स्पंदनांनी खुंटी थरथरते आणि त्या थरथरीची वारंवारता 1 ते 100 च्या आयएसक्यू मापात पडद्यावर उमटते. गालाकडून आणि दातांच्या रांगेच्या दिशेने असं दोनदा मोजतात, कारण हाड सगळीकडून सारखं नसतं.

ढोबळमानाने 70 च्या वर पकड चांगली, 60 च्या खाली कच्ची. मला मात्र सुट्या आकड्यापेक्षा त्याची चाल मोलाची वाटते. वरच्या मागच्या दाढांच्या मऊ हाडात 58 वर सुरू झालेलं इम्प्लांट 68 वर चढलं, तर ते जुळत आहे. 75 वरून 62 वर आलेलं आणि अजून उतरणारं असेल, तर कॅप थांबवायला हवी. ही चाल कळायला पहिल्या दिवसाचा आकडा लागतोच. तो डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावा.